चेतक परत आली, किक नाही आली

तुमच्यापैकी किती जण लहानपणी स्कूटरवर पुढे उभे राहून फिरलेत? बाबांच्या दोन हातांच्या मध्ये, नाक हँडलच्या उंचीला, डोळ्यांत वारा आणि अधूनमधून एखादं चिलट. मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर धाकटं भावंड, हातात भाजीची पिशवी. हे चित्र डोळ्यासमोर आलं असेल तर स्कूटर कुठली होती ते मी सांगायची गरज नाही. बहुतेक घरांत ती चेतकच असायची.

आणि हेच चित्र गेली काही वर्षं आपल्याला नव्याने विकलं जातंय.

मी हे रागाने म्हणत नाहीये हं. उलट आमच्याच घरात सध्या हा विषय पेटलाय. आईला नवी, विजेवरची चेतक घ्यायची आहे. बाबांना जुनी चेतक विकायची नाही. आणि मामा, म्हणजे ज्याने ही जुनी गाडी तीस-बत्तीस वर्षं जिवंत ठेवली, त्याचं नव्या गाडीबद्दलचं मत एका शब्दात संपतं. 'मिक्सर!' मामाचं चिंचवडगावात गॅरेज आहे आणि आम्ही राहतो निगडीला, प्राधिकरणात. म्हणजे जिथे चेतक जन्मली त्या आकुर्डीच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आमच्याकडे हा वाद गाडीचा राहत नाही, थेट घराण्याचा होतो.

आमची जुनी चेतक आजोबांनी १९७८ मध्ये नोंदवली आणि ती घरी आली १९८४ मध्ये. सहा वर्षं! आज अर्ध्या तासात पिझ्झा आला नाही तर आपण कस्टमर केअरला फोन लावतो. पण तेव्हा ते नॉर्मल होतं. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, आणि मागणी कितीही असली तरी परवान्यापेक्षा जास्त गाड्या काढणं हा गुन्हा. राहुल बजाज यांनी या लायसन्स राजविरुद्ध आयुष्यभर तोंड वाजवलं, तेही जाहीरपणे. लोक मात्र मुलाचा जन्म झाला की स्कूटर नोंदवायचे असं गंमतीत म्हटलं जायचं. परदेशात कुणी नातेवाईक असेल आणि डॉलर पाठवत असेल तर नंबर लवकर लागायचा. आमचं परदेशात कुणीच नव्हतं, म्हणून सहा वर्षं.

मुळात ही गाडी आपली तरी कुठे होती? साठच्या दशकात बजाज इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायची. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये जवळपास त्याच अंगाची गाडी महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून बाजारात आली. इटालियन सांगाडा, राजस्थानी नाव आणि आकुर्डीचा पत्ता! पण ती इतकी आपली झाली की १९८९ च्या त्या 'हमारा बजाज' जाहिरातीत अख्ख्या देशाने स्वतःला पाहिलं. मास कॉमला आम्हाला ही जाहिरात केस स्टडी म्हणून होती. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती कधी टीव्हीवर पाहिलीही नव्हती, तरी सगळे गुणगुणत होते.

आता गाडी म्हणून ती कशी होती ते मामाकडून ऐका. मामा म्हणतो, 'ती गाडी नव्हती मने, ते लग्न होतं.' इंजिन मागे उजव्या बाजूला, त्यामुळे तोल थोडा तिकडे. डाव्या मुठीतच क्लच आणि गिअर. मनगट फिरवून गिअर टाकायचा, त्यात दुसरा पडला की तिसरा हे हाताला कळायला हवं. टू स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. सकाळी गाडी चालू झाली नाही तर ती एका अंगाला कलती करायची, क्षणभर तशीच धरायची आणि मग किक. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचावं म्हणून हा प्रकार. तरी नाहीच झाली तर प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, परत लावायचा. डिकीत एक जादा प्लग, एक क्लच वायर आणि एक कळकट फडकं कायम. मागे स्टेपनी. पंक्चर झालं तर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत चाक बदलून माणूस पुढे!

म्हणजे ती वारंवार बिघडायची, पण बिघडली तरी आपल्याला कळायची. मामाचं सगळं गॅरेज या एका वाक्यावर उभं राहिलं.

आणि मग काळ बदलला. बदल एका दिवसात नाही आला. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, गिअर नाहीत, बटण दाबलं की चालू. १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर स्ट्रोक मोटारसायकल आली, आणि ती एका लिटरमध्ये किती जाते हे ऐकून चेतकवाले गप्प बसायला लागले. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, टू स्ट्रोकचा निळा धूर नकोसा झाला. २००१ मध्ये होंडाची अॅक्टिव्हा आली. त्याच वर्षी बजाजने स्वतःच पल्सर काढली आणि तरुण मुलांनी स्कूटर हा शब्दच टाकून दिला. बाबांची गाडी ती स्कूटर, आपली ती बाइक! चेतकलाही फोर स्ट्रोक इंजिन देऊन पाहिलं, पण २००५ च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. २००७ च्या सप्टेंबरमध्ये आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादनच बंद झालं. माझ्या वर्गात तेव्हा अशी मुलं होती ज्यांचे बाबा शिफ्टला जायचे ते बंद झाले. आम्ही लहान होतो, आम्हाला फक्त एवढंच कळलं की काहींचे बाबा आता शाळेत सोडायला येतात.

२००९ च्या डिसेंबरमध्ये राजीव बजाज यांनी सांगून टाकलं की कंपनी स्कूटरच्या धंद्यातून पूर्णच बाहेर पडणार, यापुढे लक्ष मोटारसायकलींवर. या निर्णयाचं आपल्याला वाईट वाटतं, हे त्यांच्या वडिलांनी, म्हणजे राहुल बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं. मला हा प्रसंग फार इंटरेस्टिंग वाटतो. मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांमध्ये इतकं घरगुती काही सहसा बाहेर येत नाही. बापाने उभं केलेलं मुलाने बंद केलं, आणि धंदा म्हणून मुलाचं गणित बरोबरच होतं. मोटारसायकलींनी कंपनीला तारलं हे आकडे सांगतात. पण अॅक्टिव्हाने नंतर जे मैदान मारलं ते पाहता, एक अख्खा बाजार सोडून दिला हेही खरंच की!

तर अशी ही मेलेली गाडी. तिला परत का आणलं?

१६ ऑक्टोबर २०१९ ला दिल्लीत नितीन गडकरींच्या उपस्थितीत विजेवरची चेतक दाखवली गेली. जानेवारी २०२० मध्ये ती विक्रीला आली, फक्त पुण्यात आणि बंगळुरूत. किंमत एक लाख आणि एक लाख पंधरा हजार. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. आम्ही तीन मैत्रिणी 'असाइनमेंट' या नावाखाली ती बघायला गेलो. गंमत म्हणजे ती ठेवली होती केटीएमच्या शोरूममध्ये, त्या भडक नारिंगी मोटारसायकलींच्या शेजारी. बैठकीच्या खोलीत डान्स पार्टी चालू असावी आणि कोपऱ्यात आजी येऊन बसावी, तसं दिसत होतं ते. पण आजी छान दिसत होती हं. गोल दिवा, मऊ वळणं, पत्र्याचं अंग. प्लास्टिकच्या स्कूटरींच्या काळात बोटाने टकटक केल्यावर 'टण्' असा आवाज येणं हाच मोठा सेलिंग पॉइंट होता. माझ्या शेजारी उभे असलेले साधारण साठीचे एक काका खरंच टकटक करून बघत होते आणि हसत होते.

मग त्यांनी सवयीने उजवीकडे खाली पाहिलं. किक शोधत होते.

माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. कंपनी जुनी वस्तू परत आणत नसतेच. वस्तू परत आणायची तर टू स्ट्रोक इंजिन आणावं लागेल, धूर आणावा लागेल, गाडी कलती करून धरणं आणावं लागेल, आणि त्यासाठी कुणीही एक लाख रुपये देणार नाही. परत येतं ते नाव आणि थोडंसं अंगवळण. आतली गाडी पूर्ण वेगळी. बॅटरी, मोटर, सॉफ्टवेअर, कशातही जुन्या चेतकचा एक नट नाही. मग नावाचा उपयोग काय? उपयोग असा की २०१९ मध्ये विजेवरच्या स्कूटरवर कुणाचाच विश्वास नव्हता. रस्त्यात बंद पडली तर? पावसात शॉक बसला तर? बॅटरी गेली तर? अशा वेळी अनोळखी कंपनीपेक्षा ओळखीचं नाव बरं वाटतं. नवं तंत्रज्ञान घाबरवतं तेव्हा जुनं नाव हात धरतं. एवढंच, पण हे 'एवढंच' करोडो रुपयांचं आहे बॉस! नवं नाव लोकांच्या तोंडी बसवायला जाहिरातींवर जो पैसा ओतावा लागतो, तो इथे आपल्या आजोबांनी सहा वर्षं रांगेत थांबून आधीच भरलेला आहे.

पण नावाची ताकद किती, याचाही हिशोब नंतरच्या वर्षांनी दाखवला. पहिल्या दोन वर्षांत ही गाडी काही हजारांच्या पलीकडे गेलीच नाही. लॉकडाऊन लागला, सुटे भाग मिळेनात, बुकिंग बंद. एप्रिल २०२१ मध्ये ते परत उघडलं आणि ४८ तासांत पुन्हा बंद करावं लागलं. बाबा पेपर वाचून म्हणाले, 'बघ, वेटिंग लिस्टसुद्धा परत आणली!' (बाबांचे विनोद वर्षाला एक असतात, त्या वर्षीचा हा.) खरी विक्री वाढली ती २०२४ मध्ये. आणि का वाढली? कुणाला अचानक बालपण आठवलं म्हणून नाही. २०२४ च्या जूनमध्ये लाखाच्या आतलं मॉडेल आलं, गाडी गावोगावच्या दुकानांत पोचली. डिसेंबरमध्ये नवी मालिका आली, तिच्यात बॅटरी सीटखालून काढून पाय ठेवायच्या जागेखाली सरकवली, त्यामुळे डिकी ३५ लिटरची झाली. त्याच महिन्यात चेतक विजेवरच्या स्कूटरींमध्ये पहिल्या नंबरवर पोचली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात दोन लाखांच्या वर गाड्या गेल्या. म्हणजे आठवणींनी गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीपर्यंत आणलं, आत आणलं ते किमतीने आणि डिकीने.

आणि एक सांगू? ती पाय ठेवायची जागा, जिथे आता खाली बॅटरी आहे, तीच मी उभी राहायची जागा.

याच्या उलट उदाहरण चेतकच्या मूळ आईचं आहे. पियाजिओने २०१२ मध्ये बारामतीच्या कारखान्यातून व्हेस्पा परत आणली. तीसुद्धा पत्र्याची, देखणी. पण किंमत तेव्हाच्या अॅक्टिव्हापेक्षा बरीच जास्त. त्यांनी आठवण विकली ती दागिन्यासारखी. ज्यांना परवडते ते घेतात, फोटो काढतात, आणि रस्त्यावर ती दिसली की आपण 'वॉव' म्हणतो. पण भाजीच्या पिशव्या आणि दोन पोरं तिच्यावर फारशी दिसत नाहीत. चुकीचं काही नाही त्यात, पण ते वेगळं दुकान आहे.

मला स्वतःला सगळ्यात हुशार वाटलेलं पुनरुज्जीवन सारेगामाच्या कारवांचं. एचएमव्हीची तबकडी काढणारी ही कंपनी. आधी कॅसेट गेल्या, मग सीडी गेल्या, आणि मोबाइलवर गाणी फुकटात फिरायला लागल्यावर तिच्याकडे उरला तो गाण्यांचा ढीग. २०१७ मध्ये त्यांनी जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा एक डबा काढला, आत पाच हजार हिंदी गाणी आधीच भरलेली. इंटरनेट नको, अॅप नको, पासवर्ड नको. बटण फिरवलं की लता, अजून फिरवलं की किशोर. माझ्या आजीकडे तिच्या नातवंडांनी दिलेले दोन स्मार्टफोन होते आणि दोन्ही तिने देवघराच्या कप्प्यात ठेवले होते. कारवां मात्र ती स्वतः लावायची. इथे कंपनीने नुसता जुना चेहरा नाही आणला. नव्या तंत्रज्ञानाने म्हाताऱ्या माणसांकडून जे काढून घेतलं होतं, म्हणजे कुणाला न विचारता गाणं लावता येणं, ते परत दिलं. त्या दिवाळीनंतर कितीतरी घरांत तो डबा दिसायला लागला, आठवतंय?

मग नव्या चेतकने कुणाला काय परत दिलं? बाबांना तर काहीच नाही. त्यांना किक हवी आहे. मला वाटतं तिने आईला दिलंय, आणि तेही परत नाही, पहिल्यांदाच.

आमच्या आईने जुनी चेतक कधीही चालवली नाही. लग्नाआधी ती लुनावर ऑफिसला जायची, भोसरीला. वर्षानुवर्षं, पावसापाण्यात, एकटी. लग्नानंतर घरात चेतक होती म्हणून लुना विकली, आणि पुढची तीस वर्षं ती मागे बसली, एका बाजूला पाय सोडून. जड गाडी, हाताचे गिअर, किक मारायला अंगाचं वजन हवं, शिवाय साडी. कुणी तिला 'चालवू नको' म्हणालं नव्हतं. पण कुणी 'चालव' पण म्हणालं नाही. ज्या जाहिरातीत सगळ्या देशाने स्वतःला पाहिलं असं आपण म्हणतो, त्या सगळ्या देशात बायका बहुतेक मागच्या सीटवर होत्या. चेतकच्या आठवणी काढणारे लेख मी बरेच वाचलेत, आणि ते जवळजवळ सगळे पुढच्या सीटवरून लिहिलेले असतात.

आई आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. गेल्या महिन्यात आम्ही टेस्ट राइडला गेलो. नवी गाडीही वजनाला हलकी नाही, धातूची आहे. पण तिला रिव्हर्स आहे! पार्किंगमधून मागे घ्यायला ढकलावी लागत नाही. आई बसली, मुलाने बटणं समजावून सांगितली, आणि ती काही न बोलता निघून गेली. भक्ती-शक्ती चौकाकडे. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शोरूमचा मुलगा कासावीस. बाबा म्हणाले, 'चार्जिंग संपलं असेल.' वीस मिनिटांनी ती आली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, 'अहो, हिला आवाजच नाही. मला माझंच गाणं ऐकू येत होतं.'

आता मामाकडे येऊ, कारण या सगळ्यात खऱ्या अर्थाने ज्याचं काही जातंय तो मामा आहे.

मामाने चेतकच्या जोरावर बहिणीचं लग्न केलं, स्वतःचं घर बांधलं. एके काळी गॅरेजसमोर सकाळी सात-आठ स्कूटर रांगेत असायच्या. कुणाचा प्लग, कुणाची क्लच वायर, कुणाचं सायलेन्सर काढून कार्बन साफ करायचा. मोटारसायकली आल्या, तो त्या शिकला. अॅक्टिव्हा आली, तीही शिकला. पण विजेवरच्या गाडीचं तसं नाही. ऑइल नाही, प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, क्लच नाही. उरलं काय? ब्रेक, टायर, बेअरिंग आणि पंक्चर. बाकी सगळं कॉम्प्युटर लावून बघायचं, आणि तो कॉम्प्युटर सर्व्हिस सेंटरकडे. मामाचं कौशल्य कानात आहे. गाडी कोपऱ्यावर असतानाच तो ओळखायचा की पॉइंट सेट करायला हवाय. ज्या गाडीला आवाज नाही तिच्यापुढे हा कान काय करणार?

आणि गंमत बघा, नवी गाडीही काही हवेत तयार होत नाही. २०२५ मध्ये चीनने मोटरसाठी लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन अडखळलं. मामाला हे वाचून दाखवलं तर तो इतका खूश झाला की त्याने चहा मागवला. 'आमच्या क्लच वायरला कधी चीनला विचारावं लागलं नव्हतं,' म्हणाला. हा आनंद फार टिकणारा नाही हे त्यालाही माहीत आहे. पण चहा चांगला होता.

मात्र मामाच्या गॅरेजात सध्या एक भलताच प्रकार चाललाय. हिंजवडीतली आयटीवाली मुलं जुन्या चेतक घेऊन येतायत. कुणाच्या आजोबांची, कुणी भंगारातून उचललेली. 'काका, अगदी ओरिजिनल करून द्या.' मूळ रंग, मूळ सीट, मूळ आरसे. एकीवर प्री-वेडिंग शूट झालं, दुसरी एका कॅफेच्या दारात उभी आहे, झाडाच्या कुंडीसारखी. मामा पैसे व्यवस्थित घेतो. पण कॅफेवाल्याने सांगितलं की इंजिन चालू नसलं तरी चालेल, तेव्हा तो दोन दिवस घुम्यासारखा होता. शेवटी त्याने इंजिन चालू करूनच दिलं. पैसे न घेता.

म्हणजे बघा, जुनी चेतकही परत आली आहे आणि नवीही. जुनीचं शरीर आलं, काम गेलं. नवीचं काम आलं, शरीर दुसऱ्याचं. आणि आकुर्डीच्या ज्या आवारात २००७ मध्ये उत्पादन थांबलं होतं, तिथेच १० जून २०२२ ला, राहुल बजाज यांच्या जयंतीच्या दिवशी, विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. वर्षाला पाच लाख गाड्यांची क्षमता. ते स्वतः त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीचे बाबा २००७ मध्ये तिथून घरी बसले होते. ही बातमी आली तेव्हा त्यांनी व्हॉट्सअॅपवर गेटचा फोटो टाकला होता, खाली काहीच न लिहिता.

आता तर पुण्यात ही साथच आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना परत आली, विजेवर, ७० हजारांच्या आत. तिचा रोख मात्र आमच्या आईसारख्यांवर नाही, सामान पोचवणाऱ्यांवर आहे. दीडशे किलो वजन वाहते म्हणे. जुनीला पेडल होती, हिला नाहीत. मग जुलै २०२५ मध्ये कायनेटिकची डीएक्स आली, तीही विजेवर. १९७२ ची चेतक, १९७२ ची लुना, १९८४ ची कायनेटिक. आमच्या कॉलनीतल्या पार्किंगचा नव्वद सालचा फोटो काढावा आणि फक्त सायलेन्सर पुसून टाकावेत, तसं वाटतं. आई लुनाची बातमी वाचून एकदम गप्प झाली होती. मी विचारलं, 'लुना घेऊया का मग?' तर म्हणाली, 'नको गं. लुना मी चालवली आहे. चेतक चालवायची राहिली होती.'

यावर मी काय बोलणार? कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांनी जे गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवलं असेल, त्यात ही अठ्ठावन्न वर्षांची बाई असेल असं मला वाटत नाही. त्यांनी बाबांसाठी नाव परत आणलं आणि गाडी आई घेतेय!

तर आता ठरलंय ते असं. नवी गाडी येणार, आईच्या नावावर. रंग तिने निवडलाय, निळा. मामाने 'मिक्सर' हा शब्द मागे घेतलेला नाही, पण पंक्चर आणि ब्रेक माझ्याकडेच यायला पाहिजे अशी अट घातली आहे. जुनी गाडी कुठेही जाणार नाही. दर रविवारी बाबा ती पुसतात, कलती करतात, तिसऱ्या-चौथ्या किकला ती सुरू होते, आणि वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात.

खरी अडचण वेगळीच आहे. सोसायटी. पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट घ्यायचा तर मीटर कुणाचं, वायर कुणाच्या भिंतीवरून, बिल कोण भरणार यावर कमिटीच्या दोन मीटिंगा झाल्यात, आणि चेअरमन काका म्हणतात की आधी बाकीच्यांचं मत घेऊ. बाकीच्यांचं मत असं की आधी चेअरमननी ठरवावं. बाबांनी कालनिर्णयवर पुढच्या महिन्यात एका चौकोनात लिहून ठेवलंय, 'जुनी चेतक, आरटीओ, रिन्युअल.' त्याच चौकोनात खाली आईच्या अक्षरात आहे, 'मीटिंग ८ वा. प्लग पॉइंट. या वेळी मी बोलणार.'